सही नवऱ्याची, गर्भाशय माझं

प्रश्न : माझं वय ३९. अंडाशयावरची गाठ दुर्बिणीतून काढायला मी संमती दिली होती. मी भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या नवऱ्याची सही घेऊन डॉक्टरांनी गर्भाशयही काढलं. ‘नाहीतरी पुढे त्रासच झाला असता’ म्हणतात. केसपेपर मागितले तर देत नाहीत. १४ महिने झाले. आता काही करता येईल?

उत्तर : येईल. पण आधी कागद मिळवा. संपूर्ण इनडोअर केसपेपर, संमतीपत्रं, भुलीची नोंद, ऑपरेशन नोट आणि बायोप्सीचा रिपोर्ट लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार ७२ तासांत कागद द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते.

आता सहीचं. शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर सज्ञान बाईच्या शरीराबद्दलची संमती तिचीच लागते. समीरा कोहली प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली होती. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती संमती ग्राह्य धरली नाही. हॉस्पिटलचा वकील बहुधा आचारनियमातलं कलम दाखवेल : मूल होण्याची क्षमता जाणार असेल तर नवरा-बायको दोघांची संमती हवी. पण दोघांची म्हणजे तुमचीही. (नवऱ्यावर राग धरू नका. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी कागद पुढे आला की घाबरलेला माणूस सही करतो.)

त्यांचा खरा बचाव एकच : थांबलो असतो तर जिवाला धोका होता. ऑपरेशन नोटमध्ये तसा रक्तस्राव नोंदलाय का, हे दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून वाचून घ्या.

भरपाईचं स्पष्ट सांगतो. त्या खटल्यात फक्त २५ हजार मिळाले आणि डॉक्टरांची फी रद्द झाली, कारण शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या चुकीची ठरली नाही. तुमच्या बायोप्सीत गर्भाशय निरोगी निघालं तर तुमची बाजू बरीच भक्कम होईल.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत २ वर्षं, म्हणजे तुमच्याकडे १० महिने आहेत. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. कागदांचा अर्ज मात्र याच आठवड्यात द्या.