शार्पनर कुठंय? होमस्कूलिंगचा पसारा आणि मुलाला उचलता येईल अशी पेटी

“मॅडम, दोन महिन्यांत मी सात डबे आणलेत. तरी रोज सकाळी शार्पनर सापडत नाही.”

खुर्चीत बसता बसता त्या एवढं बोलल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. शार्पनरसाठी कुणी समुपदेशकाकडे येत नाही, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. पण सुरुवात तिथूनच करावीशी वाटली, याला काहीतरी अर्थ असणार, म्हणून मी त्यांना शार्पनरबद्दलच बोलू दिलं.

(ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.)

घरात दोन मुलं. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. दीड वर्षापासून होमस्कूलिंग. अभ्यासाला वेगळी खोली नाही, जेवणाच्या टेबलावरच सगळं चालतं आणि जेवायच्या वेळी ते टेबल रिकामं करावं लागतं. आठवड्यातले दोन दिवस आईला कामासाठी बाहेर जावं लागतं, तेव्हा मुलं आजीकडे आणि अभ्यासही आजीकडे. म्हणजे पुस्तकं, वह्या, रंग, कात्री, गणिताचे ठोकळे हे सगळं सतत या जागेवरून त्या जागेवर. रोज कुठलीतरी वस्तू मागे राहते, मग शोधाशोध, मग आवाज चढतो. मुलगा रडतो, आई नंतर एकटी रडते.

तासाच्या शेवटी खरा प्रश्न बाहेर आला. “माझ्यात शिस्त नाही, म्हणून त्याच्यात नाही. मी हे सगळं बंद करून त्याला शाळेत घालू का?”

मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत पुष्कळदा ऐकते. घर आवरलेलं नसलं की शिकवणंच चुकतंय असं वाटायला लागतं. विशेषतः आईला. शाळेत फळ्यामागच्या कपाटात पसारा असला तर त्यावरून कुणी बाईंच्या शिकवण्याबद्दल बोलत नाही. घरात मात्र सोफ्यावर पडलेली एक वही म्हणजे आईची परीक्षा होऊन बसते. शाळेत घालायचं की नाही हा निर्णय त्यांचा, तो मी घेऊन देणार नव्हते. पण तो शार्पनरवरून होऊ नये, एवढं मला वाटत होतं.

मी त्यांना एक साधं काम दिलं. आठवडाभर एक लहान वही जवळ ठेवायची. काही शोधावं लागलं की वस्तूचं नाव, शोधायला लागलेला वेळ आणि ती शेवटी कुठे मिळाली एवढं लिहायचं. कुणाची चूक ते लिहायचं नाही.

पुढच्या भेटीत ती वही आम्ही दोघींनी मिळून वाचली. तीसेक नोंदी होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त पाचच वस्तूंच्या. शार्पनर, खोडरबर, पट्टी, कात्री आणि गणिताची वही. एका सकाळी गणिताची वही वीस मिनिटं सापडत नव्हती. ती होती ‘गणित’ असं लिहिलेल्या डब्यातच, अगदी तळाशी. त्या डब्यावर आणखी दोन डबे आणि वर चित्रकलेचे कागद. मुलाने झाकण किलकिलं करून पाहिलं होतं, वरचे ठोकळे दिसले, वही दिसली नाही, म्हणून त्याने “नाहीये” सांगितलं होतं. आईने ते खोटं धरलं होतं.

ही नोंद वाचताना त्या एकदम गप्प झाल्या.

तिसऱ्या भेटीला मुलगा आला. थोडं चित्र काढून झाल्यावर, खडू फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता म्हणाला, “आईला वाटतं मी मुद्दाम हरवतो. मला आठवतच नाही मी कुठे ठेवलं.”

तो खरंच सांगत होता. काम करता करता एखादी गोष्ट मनात धरून ठेवायची जी क्षमता असते, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. मोठ्या माणसांतही ती फार तोकडी असते. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन ती साधारण चार गोष्टींपुरती असल्याचं मांडलं. आठ वर्षांच्या मुलात ती त्याहूनही कमी असते. ठरवणं, क्रम लावणं, मोह आवरणं यांसाठी लागणारे मेंदूचे भाग तर विशीपर्यंत आणि त्याही पुढे घडत राहतात. तेव्हा ‘पुस्तक मिटव, पेन्सिलला टोक कर, निळी वही काढ, आणि काल पट्टी कुठे ठेवलीस ते आठव’ हे एका दमात सांगितलं, की शेवटचं वाक्य पोचेपर्यंत पहिलं निसटलेलं असतं. त्याला आळस म्हणणं मुलावर अन्याय आहे. हे मी आईबाबांना जरा ठासूनच सांगितलं.

मग डब्यांकडे वळलो. सात डबे, सात विषय. दिसायला व्यवस्था उत्तम. पण मूल विषयवार जगत नाही, दिवसाप्रमाणे जगतं. सकाळी त्याला थोडं वाचायचं, थोडं गणित, एक चित्र, विज्ञानाची दोन पानं. एवढ्यासाठी चार झाकणं उघडायची, चार डबे टेबलावर मांडायचे आणि जेवायच्या आधी चारही भरायचे. ही मांडणी वर्षाचं सामान साठवायला चांगली, रोज वापरायला त्रासाची. एकाच जागेवर दोन्ही कामं लादली की हरवाहरवी ठरलेलीच.

आजीकडे जाणारी पिशवी मी पुढच्या वेळी आणायला सांगितली होती. आईला ती दाराशी खाली ठेवावी लागली, इतकी जड. “राहायला नको म्हणून सगळंच घेते.” माझ्याकडे वजनकाटा आहे. त्या आधी एकट्या उभ्या राहिल्या, मग पिशवी घेऊन. फरक नऊ किलोंच्या वर. कागद किती जड असतो याचा आपल्याला अंदाज नसतो. नेहमीच्या छपाईच्या कागदाचा ए-फोर आकाराचा एक ताव पाच ग्रॅमचा, म्हणजे शंभर तावांचा गठ्ठा अर्धा किलो. पाठीवरच्या दप्तरासाठी मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ही मर्यादा सहसा सुचवली जाते. पंचवीस किलोच्या मुलाला ते अडीच किलो झाले. एका हातात धरायचं तर मी त्याहून बरंच कमी धरते. जी गोष्ट मुलाला उचलताच येत नाही, तिची जबाबदारी त्याच्यावर कशी टाकणार?

इथे माझी एक चूक सांगायला हवी. मी आधी त्यांना चाकांची तीन कप्प्यांची ट्रॉली सुचवली. अनेक घरांत ती छान चालते, टेबलापासून खिडकीपाशी, खिडकीपासून भिंतीशी ढकलत नेता येते. या घरात खोल्यांना उंबरठे होते. दर वेळी ट्रॉली अडायची, उचलावी लागायची आणि वरच्या कप्प्यातले खडू घरंगळायचे. शिवाय खालचा कप्पा चार वर्षांच्या बहिणीच्या बरोब्बर हाताशी. आठवडाभरात ट्रॉली कोपऱ्यात गेली. मी घराची जमीन कशी आहे ते विचारायला हवं होतं. आता मी आधी तेच विचारते. उंबरठे किती, जिने किती, लहान भावंड कुठवर पोचतं.

मग आम्ही मुलालाच विचारलं, “तुला काय उचलून न्यायला आवडेल?” तो म्हणाला, “सुतारकाकांसारखी पेटी.” मधोमध उभी पट्टी, तिला वर धरायला मूठ, दोन्ही बाजू उघड्या. अशा प्लास्टिकच्या पेट्या साफसफाईच्या सामानासाठी मिळतात, बागकामासाठीही. तशीच एक घेतली.

एका बाजूला वह्या-पुस्तकं उभी. आडवी रचली की खालचं काढताना वरचा ढीग कोसळतो, उभी ठेवली की कणा दिसतो आणि एक बोट लावून ओढता येतं. पेटीत फक्त आजचं. दोन वह्या, एक वाचायचं पुस्तक, एक पातळ फोल्डर आणि खाली कप्पा असलेलं क्लिपचं पॅड. हे पॅड मला फार आवडतं. त्याच्या पोटात कोरे आणि झालेले कागद राहतात आणि वर लिहिता येतं, त्यामुळे जमीन, गच्ची, आजीचा पलंग, कुठेही टेबल तयार.

दुसऱ्या बाजूला पारदर्शक झिप पाऊच. पारदर्शकपणा महत्त्वाचा, कारण दिसलं की आठवावं लागत नाही. एका पाऊचमध्ये त्या पाच वस्तूंतल्या चार, म्हणजे शार्पनर, खोडरबर, पट्टी, कात्री, आणि दोन पेन्सिली. पाऊचच्या आत एक जाड कागद सरकवला होता, त्यावर मुलाने प्रत्येक वस्तूच्या कडेने पेन्सिल फिरवून तिची आकृती काढली होती. कात्रीची आकृती रिकामी दिसली की कात्री बाहेर आहे. ‘सगळं ठेवलंस का?’ हे आईला विचारावं लागत नाही, कागदच विचारतो. दुसऱ्या पाऊचमध्ये रंग, तेही बाराच. डिंक वेगळ्या छोट्या डबीत, कारण त्याचं झाकण कधीतरी सैल राहणारच आणि तो वह्यांना चिकटायला नको.

आजीकडे त्या चार वस्तूंचा दुसरा संच कायमचा ठेवला. शार्पनर वाहून न्यायची वस्तूच नाही. दोन जागी दोन शार्पनर हा मला चैनीचा खर्च वाटत नाही.

सात डबे फेकले नाहीत. ते वरच्या फळीवर गेले, कोठार म्हणून. रविवारी संध्याकाळी आई आणि मुलगा त्यातून आठवड्याचं सामान काढतात आणि वारांची नावं लिहिलेल्या पाच फोल्डरांत लावतात. रोज सकाळी त्या वाराचा फोल्डर पेटीत, कालचा बाहेर. विषय बदलू देत, पेटी तेवढीच.

बाबांना हे सगळं जरा फुटकळ वाटलं होतं. “पेटीने काय होणार?” त्यांना मी इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींची गोष्ट सांगितली. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. साहित्य कुलपात असायचं, बाई काढून वाटायच्या. एक दिवस कपाटाला कुलूप लावायचं राहिलं. बाई येऊन पाहतात तो मुलांनी आपापल्या आवडीचं साहित्य काढून काम सुरू केलेलं. बाईंना ती चोरी वाटली. माँटेसरींना दिसलं की मुलांना वस्तू नीट ओळखीच्या झाल्या आहेत आणि ती निवडू शकतात. मग मोठ्या कपाटाऐवजी मुलांच्या उंचीची, उघडी, ठेंगणी कपाटं आली. आपल्या या घरात ठेंगण्या कपाटाला जागा नव्हती, तेच काम आठ वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पेटीने करायचं होतं. बाबा ऐकून घेतात, पण पटलं की नाही ते लगेच सांगत नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी पेटीच्या मुठीला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळली, हाताला रुतू नये म्हणून.

एक गोष्ट मात्र पेटीपेक्षा अवघड गेली, ती म्हणजे भरणं. आधी अभ्यास संपला की आई म्हणायची, “आता आवर.” म्हणजे आवरणं अभ्यासाच्या बाहेरचं, कंटाळलेल्या मुलाच्या माथी मारलेलं. मी सुचवलं की शेवटची सात-आठ मिनिटं अभ्यासाच्या वेळातच धरायची, हवं तर एक गणित कमी करा. आणि सुरुवातीचे दोन आठवडे आईने शेजारी बसायचं, हात न लावता. हात न लावणं त्यांना फार जड गेलं. “तो पाऊच तिरका ठेवतो,” त्या म्हणाल्या. राहू दे तिरका.

छोटीचीही सोय हवी होती, नाहीतर ती दादाच्या पेटीवर धाड घालणारच. तिला मूठ असलेली छोटी टोपली दिली, त्यात जाड खडू आणि कोरे कागद. अक्षरं येत नाहीत म्हणून चिठ्ठ्यांवर चित्रं. दादाचे चुंबक, बटणासारखे छोटे सेल आणि टोकदार कंपास मात्र वरच्या फळीवरच्या झाकणाच्या डब्यात, आणि काम झालं की लगेच परत. चुंबक किंवा सेल लहान मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकतं, तिथे मी उघड्या पेटीचा आग्रह अजिबात धरत नाही.

शोधाशोधीची वही त्यांनी दोन महिन्यांनी पुन्हा आठवडाभर लिहिली. चार नोंदी. त्यातली एक आईच्या चष्म्याची होती.

शाळेत घालायचं की नाही, यावर आम्ही त्यानंतर दोन भेटी बोललो. मुलाला सोबत हवी होती, आईला थोडा स्वतःचा वेळ. ते खरे प्रश्न होते आणि आता ते शांतपणे समोर घेता येत होते. त्यांनी हे वर्ष पूर्ण करून मग ठरवायचं ठरवलं.

शेवटच्या भेटीत आईने एक फोन सांगितला. मुलगा चार दिवस आजीकडे राहायला गेला होता, पेटी त्याची त्यानेच भरली होती. आईला आदल्या रात्री दिसलं होतं की वरच्या डब्यातला कंपास त्याने घेतलेला नाही. ती दोनदा फळीपाशी गेली आणि दोनदा परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन.

“आई, कंपास राहिला.”

“मग रे?”

“मग काय, आजीची वाटी उपडी ठेवली आणि भोवती पेन्सिल फिरवली. मोठ्या वर्तुळाला ताट घेतलं. आता मध्यबिंदू कसा काढायचा ते सांग.”