वाचकांचे प्रश्न : भिंतीवरचा धावदोरा

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील शार्लट शहरात राहते. तेथील हार्वी गँट केंद्राचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या कला-संस्कृतीला वाहिलेल्या केंद्राचे, छायाचित्र तिने पाठवले, तेव्हा दर्शनी भिंतीवरच्या तिरप्या रेषा पाहून मला आईच्या गोधडीवरचा धावदोरा आठवला. हा योगायोग आहे का? हे गँट कोण? आमच्या गिरणी चाळीच्या आठवणी जपाव्यात, असे आम्हा काही जणींच्या मनात आहे, म्हणून विचारते.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण अचूक ओळखलेत, हा योगायोग नाही. वास्तुविशारद फिल फ्रीलन यांनी ती भिंत कृष्णवर्णीयांच्या घरोघरी शिवल्या जाणाऱ्या गोधड्यांवरून घडवली आणि इमारतीतील जिन्यांची कल्पना मायर्स स्ट्रीट शाळेच्या बाहेरच्या जिन्यांवरून घेतली. ती शाळा शार्लटमधल्याच ब्रुकलिन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत होती आणि शहर सुधारणेच्या नावाखाली १९६० च्या दशकात ती वस्ती जवळजवळ संपूर्ण पाडण्यात आली. सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक त्यांच्या घरीच होऊ शकले, कारण घर शिल्लक होते. ब्रुकलिनमध्ये घरेच उरली नाहीत, म्हणून आठवण भिंतीच्या घडणीत उतरवावी लागली.

हार्वी गँट हे स्वतः वास्तुविशारद. न्यायालयाच्या आदेशानंतर १९६३ मध्ये क्लेमसन महाविद्यालयात प्रवेश मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होते आणि १९८३ मध्ये ते शार्लटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले. २००९ मध्ये नव्या इमारतीला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले, आणि ते मला सर्वस्वी योग्य वाटते.

तरीही आपल्या कामासाठी मला अधिक मोलाची वाटते ती या केंद्राची सुरुवात. मेरी हार्पर आणि बर्था मॅक्सवेल-रॉडी या विद्यापीठात शिकवणाऱ्या दोघींनी १९७४ मध्ये ते सुरू केले. १९८६ मध्ये ते एका जुन्या चर्चच्या वास्तूत गेले आणि आजच्या इमारतीत यायला एकूण पस्तीस वर्षे लागली. तेव्हा आपणही जागेची वाट पाहू नका. पगाराच्या पावत्या, हजेरीची कार्डे, पाळीच्या भोंग्यावर बेतलेल्या दिवसाच्या हकिकती आधी गोळा करा. आईची गोधडी अजून घरात असेल, तर तिच्यातला कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा आणि कोणता गिरणीतून आणलेल्या कापडाचा, हे सांगणाऱ्या मावशी-आत्यांना शेजारी बसवून, तुकड्यावर बोट ठेवून विचारा आणि त्याच दिवशी लिहून काढा.