धनुष्यबाणाने हरणाची शिकार करताना नेम नेमका कुठे धरावा?

आपण मूळचे कऱ्हाडचे असून सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहता, सहकाऱ्यांच्या सोबतीने येत्या हंगामात कंपाउंड धनुष्याने (टोकांना चाके असलेल्या आधुनिक धनुष्याने) पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणार आहात, आणि नेम हृदयावरच धरावा की आणखी कुठे, असे आपण विचारले आहे. सुट्टीत गावी आल्यावर रानात सराव करता येईल का, हाही आपला प्रश्न आहे. मी सातारा जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करतो. गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्या हे माझे रोजचे काम असले, तरी कुत्र्यांनी फाडलेल्या किंवा रस्त्यावर वाहनाखाली सापडलेल्या भेकरांचे शवविच्छेदनही केलेले आहे. त्यामुळे शरीररचनेविषयी मी खात्रीने लिहू शकतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, मग ते कोयना-चांदोलीच्या जंगलातले सांबर असो, सागरेश्वरचे चितळ असो की डोंगरउतारावरचे भेकर असो. जिवंत प्राण्यावर ‘सराव’ म्हणून बाण रोखण्याचा विचारही करू नये. लक्ष्यफलकावरचा सराव मात्र जरूर करावा. २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेती ठरलेली अदिती स्वामी आपल्या साताऱ्याचीच आहे, तेव्हा या जिल्ह्यात धनुर्विद्या गांभीर्याने शिकवणारी माणसे आपल्याला नक्की भेटतील.

आता मुख्य प्रश्न. हरणाच्या कातडीवर एक ठिपका कल्पून त्यावर बाण मारायचा, असा विचार बहुतेक नवखे शिकारी करतात आणि जनावर जखमी होऊन निसटण्याचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. बाण कुठून आत शिरेल यापेक्षा तो शरीरातून कोणत्या वाटेने जाऊन पलीकडे कुठून बाहेर पडेल, याचा विचार आधी झाला पाहिजे. गोळी आघाताने आणि हाडे फोडून काम करते. बाणाजवळ ती ताकद नसते; त्याचे धारदार पाते रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे कापते, छातीत हवा शिरून फुप्फुसे मिटतात, मेंदूला रक्त मिळेनासे होते आणि जनावर काही सेकंदांत कोसळते. मात्र त्यासाठी दोन्ही फुप्फुसे भेदली गेली पाहिजेत. एकच फुप्फुस कापले गेले, तर जनावर दुसऱ्यावर तासन् तास तग धरू शकते आणि फार लांब जाऊन हालहाल होऊन मरते.

हरीण हे शेळी-मेंढीसारखेच रवंथ करणारे जनावर आहे, त्यामुळे आतली मांडणी जवळजवळ तीच असते. (एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे: शेळीला पित्ताशय असते, हरणाला नसते, भेकराच्या यकृतावर ते शोधूनही सापडत नाही.) शेळीचे हृदय ऐकायचे असेल, तर स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या आतल्या बाजूने पुढे सरकवावा लागतो, कारण हृदय छातीत अगदी खाली, उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला, टेकून आणि बरेचसे कोपराच्या आडच असते. सुट्टीत घरच्या शेळीच्या कोपरामागे तळहात ठेवून पाहा, ठोके हाताला लागतील. मग तोच हात वीतभर मागे आणि वर न्या. तिथे डाव्या बाजूला कोठीपोटाची, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्याची, घुसळण जाणवेल. पोटफुगी झालेल्या जनावराची डावीच भकाळी फुगते, तीही याच कोठीपोटामुळे. उजव्या बाजूला श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट वेगळे करणाऱ्या स्नायूच्या पडद्याच्या, लगेच मागे यकृत असते.

छाती आणि पोट यांच्यामधली सीमा ही बाहेरून दिसणाऱ्या बरगड्यांवरून ठरत नाही, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात, पण श्वासपटल घुमटासारखे पुढे फुगलेले आणि तिरके असते. खाली ते हृदयाच्या अगदी जवळ येते आणि वर पाठीकडे बरेच मागे जाते. म्हणजे मागच्या बरगड्यांच्या आत, खालच्या भागात, फुप्फुस नसून पोट किंवा यकृत असते. गाईने वैरणीतून तार गिळली की ती जाळीपोटात (पोटाच्या सर्वांत पुढच्या कप्प्यात) अडकते आणि पुष्कळदा श्वासपटल भेदून थेट हृदयाच्या आवरणात घुसते. ऊसपट्ट्यातल्या पशुवैद्यकांना हा आजार चांगलाच परिचित आहे, आणि हृदय व पोट एकमेकांच्या किती निकट असतात हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. ‘बरगड्यांत बाण लागला, पण हरीण मिळाले नाही’ अशा तक्रारींमागे बहुधा हेच कारण असते.

म्हणून हृदयावर नेम धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हृदय लहान आहे, त्याच्यापुढे कोपर आणि दंडाचे जाड हाड येते, आणि बाण थोडा खाली गेला तर तो केवळ छातीखालचे मांस चाटून जातो. हरीण पूर्ण आडवे उभे असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर एक रेषा कल्पावी आणि छातीच्या एकूण उंचीचा खालून एक तृतीयांश भाग जिथे येतो, तिथे नेम धरावा. तिथे बाण दोन्ही फुप्फुसांतून आणि हृदयाच्या माथ्यावरच्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळून जातो. थोडा खाली गेला तर हृदय, थोडा वर गेला तर फुप्फुसेच मिळतात. पांढऱ्या शेपटीच्या प्रौढ हरणात हा सगळा भाग साधारण ८ ते १० इंच व्यासाचा असतो. जवळचा पाय पुढे टाकलेला असेल तर दंडाचे हाड पुढे सरकून वाट मोकळी होते, त्या क्षणाची वाट पाहणे इष्ट.

पाठीजवळ, मणक्याच्या खाली एक ‘पोकळ जागा’ असते आणि तिथून बाण काही न कापता निघून जातो, असे पुष्कळ जण सांगतात. तशी जागा नसते. फुप्फुसे मणक्याला लागूनच असतात. खांद्यावर मणक्यांचे काटे बरेच उंच असल्यामुळे पाठीची दिसणारी रेषा आणि प्रत्यक्ष मणका यांत मोठे अंतर पडते, आणि तो बाण मणक्याच्या वरच्या मांसातून गेलेला असतो.

हरीण थोडे पाठमोरे, तिरके उभे असेल तर ती धनुर्धराला सर्वांत अनुकूल स्थिती आहे. अशा वेळी पलीकडच्या पुढच्या पायाचा विचार करावा, बाण त्या खांद्याशी बाहेर पडेल असा नेम धरावा. मग अलीकडचा प्रवेश आपोआप बराच मागे, शेवटच्या बरगड्यांच्या आसपासही येऊ शकतो. उलट हरीण आपल्याकडे तोंड करून तिरके किंवा समोरासमोर उभे असेल, तर बाण सोडू नये. उंच मचाणावरून हरीण अगदी पायाखाली आले असतानाही सोडू नये, कारण तेव्हा बहुधा एकच फुप्फुस मिळते.

अंतराविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे. स्पर्धेत कंपाउंडचा धनुर्धर ५० मीटरवरून ८ सेंटिमीटरच्या दहा गुणांच्या वर्तुळावर नेम धरतो, परंतु फलक हलत नाही. सेकंदाला २८० फूट वेगाने निघालेला बाण ३० यार्डांवर सुमारे ०.३२ सेकंदात पोहोचतो, तर प्रत्यंचेचा आवाज ०.०८ सेकंदातच हरणाला ऐकू येतो. उरलेल्या पाव सेकंदात ते उसळी घेण्यासाठी पाय दुमडून खाली दबते आणि बाण वर लागतो. म्हणूनच नेम खालच्या तृतीयांशावर ठेवावा, आणि पहिल्या हंगामात २० यार्डांपलीकडे न जाणे मला योग्य वाटते.

बाण लागल्यावर लगेच मागे धावू नये. बाणावरचे रक्त पाहावे. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस कापले गेले आहे. अर्धा तास थांबून माग काढावा. गडद लाल असेल तर यकृताची शक्यता असते, तेव्हा किमान चार तास थांबावे. हिरवट चोथा आणि दुर्गंधी असेल तर पोट फुटले आहे. अशा वेळी आठ ते बारा तास जनावराला उठवू नये, कारण ते जवळच बसलेले असते आणि चाहूल लागली की मैलभर निघून जाते, मग हाती लागत नाही.

विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो, आणि १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो आधीच करून घ्यावा, आणि सराव हरणाच्या आकाराच्या पुतळ्यावर, त्याला दर वेळी वेगळ्या कोनात वळवून, स्वतः उंचावर उभे राहून करावा. प्रत्येक बाणानंतर पुतळ्याजवळ जाऊन तो पलीकडच्या कोणत्या अंगाला निघाला असता, हे बोट ठेवून पाहावे.