दोन वर्षांचं मूल अंडं थुंकून टाकतं, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दोन वर्षांचा आहे, उकडलेलं अंडं तोंडात घेतो आणि लगेच थू करतो, ऑम्लेटकडे तर बघतही नाही. आमच्या चिरंजीवांनी हेच सगळे प्रयोग माझ्यावर केलेत, त्यामुळे अनुभवाचं सांगते. मी डॉक्टर नाही.

आधी एक गोष्ट तपासा. अंडं खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांध्या उठतात का, ओठ सुजतात का, उलटी होते का? तसं असेल तर ते नखरे नव्हेत, ॲलर्जी असू शकते. अंडं बंद करा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. श्वास लागला तर मात्र वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

तसं काही नसेल तर तो नेमकं काय नाकारतोय ते बघा. मला हे कळायला दोन महिने लागले. आमच्याकडे अडचण होती वासाची, आणि तो वास मीच तयार करत होते! कच्चं राहू नये म्हणून मी अंडी वीस वीस मिनिटं उकडायचे. इतकं उकडलं की बलकाभोवती हिरवट करडं कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह मिळून ते होतं, आणि हिवस वासही त्या गंधकाचाच. आता उकळत्या पाण्यात अंडं सोडते, दहा-अकरा मिनिटांनी काढून थेट गार पाण्यात. बलक पूर्ण शिजतो, पण पिवळाधमक राहतो. लहान मुलांना अर्धकच्चा, वाहता बलक देऊ नका, जंतूंची भीती असते.

दुसरी अडचण कोरडेपणाची. उकडलेला बलक मोठ्यांच्याही टाळूला चिकटतो, दोन वर्षांच्या पोराचं काय घेऊन बसलात? तो तुपात किंवा दह्यात कुस्करून द्या, आणि घास छोटा.

आमच्याकडे सगळ्यात आधी चालला तो गुरगुट्या भात. भात मऊ, पातळसर शिजवायचा, तो रटरटत असताना फेटलेलं अंडं बारीक धारेनं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. अजून दोन मिनिटं उकळी, वरून तूप, चिमूटभर मिरपूड. अंडं भातात असं मिसळतं की वेगळं दिसत नाही. हळद-जिऱ्याच्या फोडणीनं वास आणखी कमी होतो.

मग आले आप्पे. दोन अंडी, दोन चमचे किसलेलं गाजर, थोडी बारीक चिरलेली कोथिंबीर, किंचित मीठ. सात खळग्यांच्या आप्पेपात्रात एवढं बरोबर बसतं. मंद आचेवर झाकण ठेवून तीन-चार मिनिटं, उलटून आणखी दोन. मुलांना हातात धरता येईल असं काहीतरी हवं असतं. चमच्यानं भरवलेलं ऑम्लेट नाकारणारा आमचा बाळ्या तेच मिश्रण 'चेंडू' म्हणून खाऊ लागला. तोंडात अख्खा चेंडू कोंबू देऊ नका, आधी तुकडे करा आणि खाताना बसवून ठेवा.

गोडाचं तोंड असेल तर एक पिकलेलं छोटं केळं कुस्करून त्यात एक अंडं आणि दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ घाला, बांगडीएवढी धिरडी काढा. साखर लागत नाही. पीठ नाचणीचं असल्यामुळे रंग चॉकलेटी येतो, त्याचा फायदा मी बिनदिक्कत घेतला.

लपवाछपवीबद्दल मात्र सावध करते. मी एकदा वरणात बलक कालवला. साहेबांना तिसऱ्या घासाला कळलं आणि पुढचे आठ दिवस वरणच बंद! त्याच्या एकमेव भरवशाच्या पदार्थाचा मी घात केला होता. तेव्हापासून नेहमीच्या आवडत्या जेवणात गुपचूप काही घालत नाही, नवीन पदार्थ नवीन म्हणूनच समोर ठेवते. नाही खाल्लं तर उचलते, चेहऱ्यावर काही न दाखवता. (हे सगळ्यात अवघड.) एखादी चव स्वीकारायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते, आणि आपण बहुधा तिसऱ्या वेळेला हार मानतो.

शेजारच्या आजोबांनी दुधात कच्चं अंडं फेटून द्यायला सांगितलं होतं, तालमीतला सल्ला. ते करू नका. जंतूंचा धोका तर आहेच, शिवाय शिजलेल्या अंड्यातलं प्रथिन कच्च्यापेक्षा चांगलं पचतं. दुधावरून आठवलं: तो दिवसभरात किती दूध पितो? पोट दुधानं भरलेलं असेल तर अंडंच काय, काहीच जाणार नाही. आमचं खरं गणित तिथेही चुकलं होतं.

आणि प्रमाणाची फार काळजी करू नका. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, या वयाला दिवसाची गरज 12-13 ग्रॅमच्या आसपास. अर्धं अंडं गेलं तरी बरंच काम झालं, उरलेलं वरण, दही, पनीर भागवतात. फक्त पांढरं खात असेल तर खाऊ द्या, पण 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वं बलकात असतात, म्हणून तो भातातून किंवा धिरड्यातून जाईल असं बघा.

आमचा आता साडेतीन वर्षांचा आहे. उकडलेल्या अंड्याचं पांढरं स्वतः खातो आणि बलक बाबांच्या ताटात टाकतो. आप्पे मात्र अजून लागतात. सासूबाई अंडं खात नाहीत, पण नातवासाठी त्यांनी आपलं आप्पेपात्र सोडून दिलं आणि स्वतःला नवीन आणलं. त्याला हात लावायची मला परवानगी नाही.