दारू-ड्रग टेस्टिंगचं सेंटर टाकायचंय, जमेल का?

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी वणी तालुक्यातला, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालो, सध्या एका लॅबमध्ये कामाले आहे. आमच्याकडे कोळशाच्या गाड्या रात्रंदिवस चालतात. एका ट्रान्सपोर्टवाल्यानं विचारलं, ड्रायव्हरची दारूची अन् गांजाची टेस्ट करून देशील का, तवापासून स्वतःचं सेंटर टाकायचं डोक्यात आहे. घरचे म्हणतात, काऊन लफड्यात पडतं बे! पाचेक लाख उभे होतील. मशीन कोणती घ्यावी, कागदपत्रं काय लागतात, अन् पॉझिटिव्ह आला तर रिपोर्ट कोणाले द्यावा?

उत्तर : भाऊ, काम आहे, आणि तुमच्या पट्ट्यात तर आहेच आहे. वणी, घुग्घुस, बल्लारपूर इथल्या खाणी, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, स्कूल बसवाले, सीझनमध्ये जिनिंगवाले, या सगळ्यांना ड्रायव्हर आणि मशीनवरचा माणूस शुद्धीत हवा असतो. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे म्हणून तिकडे गिऱ्हाईक नाही असं समजू नका, बंदीतही दारू मिळते हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

पण सुरुवात फक्त फुंकायच्या मशीननं करा, युरीनचं नंतर बघू. कारण सांगतो. ब्रेथ अॅनालायझरचं काम गेटवरच होतं, नमुना साठवायची भानगड नाही, आकडा लगेच येतो. युरीनचं तसं नाही. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही लागते, सुप्रीम कोर्टानं 2017 मध्येच हे सांगितलंय, म्हणजे डीएमएलटीच्या जोरावर तुम्हाला सही मारता येणार नाही, पॅथॉलॉजिस्टशी टायअप करावंच लागेल. शिवाय बायोमेडिकल वेस्टसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलणाऱ्या एजन्सीशी करार आलाच.

मशीन घेताना एकच बघा, सेन्सर (वाफ ओळखणारा भाग) फ्युएल सेल प्रकारचा आहे का. स्वस्तातल्या सेमीकंडक्टरवाल्या मशीन दारू सोडून दुसऱ्या वाफांनाही रीडिंग देतात, त्यावर कोणाची नोकरी ठरवू नये. प्रिंटर असलेली घ्या. कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन आकडा बरोबर दाखवते का याची तपासणी, कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत करून सर्टिफिकेट फाईलला लावा, ड्रायव्हर भांडायला उठला की पहिला प्रश्न त्याचाच येतो. माउथपीस (फुंकायची नळी) दर माणसाला नवा, आणि त्याचं पाकीट त्याच्यासमोर फोडा. आपल्याकडे पहाटे गेटवर येणाऱ्या बऱ्याच जणांच्या तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) असतो, तो थुंकून चूळ भरायला लावा आणि पंधरा मिनिटं बसवा, मगच फुंकायला द्या. रीडिंग आलं तर पुन्हा पंधरा मिनिटांनी दुसऱ्यांदा घ्या, तोंडातलाच वास असेल तर आकडा उतरतो, पोटातली दारू एवढ्यात उतरत नाही.

कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम दारूची ही हद्द आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम 185. कंपनी स्वतःचा नियम शून्याचा ठेवू शकते, पण तो लेखी हवा आणि ड्रायव्हरला त्याच्या भाषेत आधी सांगितलेला हवा, आपल्याकडे ड्रायव्हर झारखंड-यूपीचेही असतात. आणि पोलीस केसमधली टेस्ट तुमचं काम नाही, तिथं पोलीस आणि सरकारी दवाखाना बघतो.

आता युरीनच्या किटचं. यात गफलत फार होते म्हणून जरा लांबण लावतो. प्रेग्नन्सीच्या किटवर दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह, हे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. ड्रगच्या किटवर उलटं असतं, सी (कंट्रोल, किट चालतं का ते दाखवणारी) आणि टी (टेस्ट) दोन्हीकडे रेघ आली तर निगेटिव्ह, टीची रेघ गायब तर पॉझिटिव्ह. टीची रेघ फिक्कट असली तरी ती निगेटिव्हच. हेल्पर ठेवाल तर पहिल्या दिवशी हेच शिकवा. नमुन्याच्या कपावर तापमानाची पट्टी हवी, लघवी दिल्यापासून चार मिनिटांच्या आत 32 ते 38 डिग्री दाखवली पाहिजे, नाहीतर पाणी मिसळलंय किंवा खिशातून दुसऱ्याचं आणलंय अशी शंका घ्यायची.

आणि किटची पट्टी पॉझिटिव्ह म्हणजे माणूस नशेबाज, असं बिलकुल लिहून देऊ नका. कोडीनवालं खोकल्याचं औषध अफूवर्गात पॉझिटिव्ह दाखवतं, खसखशीनंही तसं होऊ शकतं, आणि आपल्या सावजी रश्श्यात ती असतेच. महाशिवरात्रीची भांग गांजाच्याच पट्टीवर येते, कायदा दोन्हीला वेगळं धरत असला तरी. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा महिनाभर सापडू शकतो, म्हणजे तो ड्युटीवर नशेत होता हे त्यावरून ठरत नाही. म्हणून पॉझिटिव्ह आला की तोच नमुना सीलबंद, ड्रायव्हरच्या सहीसकट, मोठ्या लॅबला जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या पक्क्या तपासणीसाठी पाठवायचा आणि तोवर तोंड बंद ठेवायचं. हा खर्च कोणाचा ते करारातच लिहून घ्या. एका रिपोर्टनं घरातला कमावता माणूस बसतो, मुलांची फी थांबते, एवढं तुमच्या हातात आहे भाऊ.

रिपोर्ट कोणाला द्यायचा, तर ड्रायव्हरनं लेखी संमती दिली असेल त्यालाच, म्हणजे कंपनीनं नेमलेला एक माणूस आणि स्वतः ड्रायव्हर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीच नाही. कोणाची टेस्ट करायची हे सुपरवायझरला ठरवू देऊ नका, नंबरांच्या चिठ्ठ्या काढा, नाहीतर ज्याच्याशी वाजलंय त्याचाच नंबर रोज लागेल. पैसे भेटीप्रमाणे किंवा टेस्टप्रमाणे घ्या, पॉझिटिव्ह निघण्यावर कधीच घेऊ नका, कोणी तशी ऑफर दिली तर ते गिऱ्हाईक सोडून द्या.

कागदांचं थोडक्यात : उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी) करा, उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी, कर्ज-सबसिडीसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बसा. पाचही लाख एकदम घालू नका. तो ट्रान्सपोर्टवाला लेखी वर्क ऑर्डर देतो का ते आधी बघा, तोंडी बोलण्यावर मशीन घेऊ नका.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा आहे, गांजा ओढतो असा संशय आहे. ऑनलाइन किट मागवून त्याला न सांगता तपासू का? (एक आई, दारव्हा तालुका)

उत्तर : नको ताई. पट्टीनं तुम्हाला खरं कळेल न कळेल, पण लपून तपासल्याचं त्याला कळलं की तो तुमच्याशी बोलणंच बंद करेल. सरळ विचारा, रागावू नका, दोन-तीनदा विचारावं लागेल. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, आधी तुम्ही स्वतः फोन करून बोला, नंतर तो तयार झाला की त्याला डॉक्टरकडे न्या, टेस्ट लागेल की नाही ते डॉक्टर सांगतील.