हाताच्या लेथवर वर्षं गेली, आता कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, येतंय. नोकरी सोडून प्रोग्रॅमिंगचा कोर्स करू का?

नोकरी सोडू नका. मी स्वतः टर्नरचा, म्हणजे लेथ चालवणाऱ्याचा, सीएनसी सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) झालो, म्हणून ठाम सांगतो.

आमच्याकडे पहिलं सीएनसी आलं तेव्हा ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे जॉब लागले होते. प्रोग्रॅम इंजिनिअरने सॉफ्टवेअरमधून काढलेला. इन्सर्ट, म्हणजे टूलची बदलता येणारी कापणारी टोकं, टिकेनात, एकामागून एक बोथट. तो दर वेळी फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, आणखी कमी करायचा. मी म्हणालो, साहेब, टूल कापत नाहीये, घासतंय, आवाज ऐका. स्टेनलेस घासलं की वरचा थर कडक होतो आणि पुढचा कट त्या कडक थरावरच चालतो. फीड वाढवा, कट थोडा खोल घ्या. उत्तर काय मिळालं? "ऑपरेटरने बटण दाबायचं, विचार प्रोग्रॅम करतो." सगळ्या शॉपसमोर. शेवटी डिलिव्हरी अडली तेव्हा मी सांगितलेलं फीड टाकलं आणि इन्सर्ट टिकले. त्याने ते कधी कबूल केलं नाही. मला मात्र ते वाक्य आजही टोचतं.

कारण ते साफ चुकीचं आहे. १९५२ साली एमआयटीत पंच केलेल्या टेपवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हापासून हातातलं चाक गेलं. धातू तोच राहिला. प्रोग्रॅममधला जी०१ हा कोड म्हणजे ठरलेल्या फीडने सरळ रेषेत कापत जाणं. हे तुम्ही रोज हाताने करता. कोड पाठ होतात. कुठल्या धातूला किती फीड सोसेल, ते पाठ होत नाही. ज्याने कधी चिप्सचा रंग बघितला नाही, त्याचं प्रमाणपत्र मी मोजत नाही.

तेव्हा नव्या मशीनवर पहिल्या दिवसापासून ऑफसेट (मशीनला द्यायची टूलची मापं) आणि टूल सेटिंग स्वतः मागून घ्या. मशीन पुरवणारे शिकवायला येतात, त्यात तुमचं नाव घालायला लावा. प्रोग्रॅम वाचता आला की मगच कोर्स, तोही कामावरून सुटल्यावर आणि जमल्यास कंपनीच्या खर्चाने.

हां, एकच जॉब हजारोंनी निघत असेल आणि मशीन भरायला रोबोट येणार असेल, तर तिथे सेटरसुद्धा मोजकेच लागतात. मग मेंटेनन्स किंवा तपासणीकडे वळा. आणि प्रोग्रॅम बदलायची, म्हणजे एडिटची, चावी तुम्हाला द्यायचीच नाही असं वरच्यांनी ठरवलं असेल, तर दुसरा कारखाना बघा, पण टर्नर म्हणूनच बघा.