स्क्रीनवर पोपटी, प्रिंटमध्ये शेवाळी

प्रश्न : ताई, बहिणीच्या लग्नाचे फोटो मीच काढले, मीच एडिट केले. लॅपटॉपवर झकास दिसत होते पण १२ बाय १८चे प्रिंट आले तर सगळे काळवंडलेले, आणि तिचा पोपटी शालू पार शेवाळी! लॅबवाला म्हणतो फाइलच तशी होती. लॅब बदलू की ते कॅलिब्रेशनचं मशीन घेऊ?
– एक वाचक, सातारा

उत्तर : थांबा, आत्ता दोन्ही नको. एडिट करताना ब्राइटनेस किती होता? फुल्ल असणार, सगळ्यांचा असतो. लॅपटॉप फुल्ल केला की २५०-३०० निट्सपर्यंत (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) सहज जातो, आणि प्रिंटशी जुळवायचं तर ८० ते १२० पुरे. मग होतं काय, रात्री खोलीत अंधार करून बसलं की फोटो भगभगीत वाटतो, आपण एक्स्पोजर खाली ओढतो, आणि कागदाला बिचाऱ्याला स्वतःचा उजेड नाही, समोरचा पडेल तेवढाच तो परत देणार. माझ्या पहिल्या अल्बमच्या वेळी मी लॅबमध्ये जाऊन चांगली कडाकडा भांडून आले होते, दुसऱ्या दिवशी तेच प्रिंट सकाळी खिडकीत धरले तर बरेचसे ठीक दिसले, काय बोलणार.

तर आधी फुकटातलं करा. नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारं सेटिंग) बंद, दिवसा खिडकीजवळ बसा (ऊन थेट स्क्रीनवर नको), स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा फोटो पेपर धरा आणि दोन्ही पांढरे साधारण सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल, मग डोळे रुळतात.

पोपटी रंगाची भानगड वेगळी. फाइल अडोबी आरजीबीत सेव्ह झाली होती का बघा. अडोबी आरजीबी आणि एसआरजीबी हे फाइलमध्ये कोणते रंग मावतात ते ठरवणारे दोन साचे. अडोबीत हिरवे रंग एसआरजीबीपेक्षा जास्त मावतात, पण लॅबचं मशीन प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ते सांगणारी फाइलमधली चिठ्ठी) न वाचता एसआरजीबी धरून चाललं की रंग मरतात. म्हणून एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी, आणि प्रोफाइल एम्बेडची टिक ठेवायचीच. एवढं करूनही काही पोपटी, राणी, झेंडू कागदावर येतच नाहीत, शाईची नाहीतर पेपरची तेवढी ताकदच नसते. ते आधी कळावं म्हणून लॅबकडून त्या पेपरचं आयसीसी प्रोफाइल (त्या पेपरवर रंग कसे उतरतात त्याची फाइल) मागा आणि फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअपला लावून कंट्रोल-वाय दाबा, प्रिंट कसा येईल ते स्क्रीनवरच दिसेल. त्याच सेटअपमध्ये सिम्युलेट पेपर कलर चालू केलंत तर फोटो एकदम फिका पडेल, पोटात गोळा येतो, पण प्रिंट साधारण तसाच येणार असतो. आणि हो, मॅट पेपरवर काळा रंग ग्लॉसीइतका गडद येत नाही, ते लॅबवाल्याच्या माथी मारू नका.

कॅलिब्रेशनचं मशीन कधी घ्यायचं? पैसे घेऊन कामं करायला लागलात की. ते स्क्रीनवर लटकवायचं, रंगांचे चौकोन एकेक करून मोजतं, आधी स्क्रीन ठरलेल्या टार्गेटवर आणतं (पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, मधल्या छटा किती उजळ ते ठरवणारा गॅमा २.२, ब्राइटनेस १०० निट्सच्या आसपास) आणि तरी स्क्रीन रंग कसे दाखवते ते प्रोफाइलमध्ये लिहून ठेवतं. स्क्रीन अर्धा तास आधी चालू ठेवा. पण लॅपटॉपच्या स्पेकमध्ये ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं एक माप) लिहिलेलं असेल तर तो पॅनल एसआरजीबीचे जेमतेम साठेक टक्के रंग दाखवतो, तिथे मशीन तरी काय करणार, त्यापेक्षा आधी एक बरा आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा) मॉनिटर घ्या.

प्रश्न : घरच्या इंकजेटवर प्रिंट काढले की सगळ्या चेहऱ्यांवर गुलाबी झाक येते. कार्ट्रिज नवीन आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सासूने मीठ घातलं, सुनेनेही घातलं, असं झालंय. फोटोशॉप रंग बदलतंय आणि त्यावर प्रिंटरचा ड्रायव्हर परत बदलतोय. प्रिंट विंडोत फोटोशॉप मॅनेजेस कलर्स निवडा, पेपरचं प्रोफाइल द्या आणि ड्रायव्हरमध्ये जाऊन कलर अ‍ॅडजस्टमेंट ऑफ करा. तरी झाक राहिली तर नोझल चेक (शाईची सगळी भोकं चालू आहेत का ते दाखवणारा चाचणी प्रिंट) काढा, नवीन कार्ट्रिज असलं तरी हिरवट-निळी शाई अडकलेली असू शकते.